हिंगणमाळचा ओकेचा पूल

हिंगणमाळला कुणी पाहुणा आला की म्हातारी माणसं त्याला आधी ओढ्यावरच्या दगडी पुलावरून चालवून आणतात. गोष्ट त्यानंतर. पुलाला सगळे ओकेचा पूल म्हणतात.

तो बांधला बाळोजी पाथरवटानं. साहेबाचं राज्य होतं. पूल पसंत पडला नाही तर पुन्हा छिन्नीला हात लावणार नाही, अशी शपथ बाळोजीनं मोरजाई देवीपुढं घेतली होती म्हणे. पाहणीला गोरा साहेब आला, तोही एकटाच, कारण दुभाषा तापानं तळावर पडलेला. साहेबानं कमान खालून पाहिली, छडीनं ठोकली, "ओके" म्हणाला आणि घोड्यावर बसून निघून गेला.

आता ओके म्हणजे काय? पाटील म्हणाले, हा शब्द कचेरीत ऐकलाय, म्हणजे पाडा. जोशीबुवांना तो साहेबाच्या देवाचा मंत्र वाटला आणि त्याचा अर्थ सांगायला त्यांनी शिधा मागितला. वाण्यानं तो काचसामानाच्या खोक्यावर छापलेला पाहिला होता, तेव्हा आपटू नका असाच अर्थ, हे तो छातीठोकपणे सांगू लागला.

बाळोजीनं पाटलांचंच खरं धरलं. बिचारा कमानीखाली जाऊन बसला. पाडायचा तर माझ्या डोक्यावर पाडा, म्हणाला. तीन दिवस गावची शहाणी माणसं वरून वाकून त्याला नवनवे अर्थ सांगत होती आणि तो जास्तच खचत होता, असं सांगतात.

चौथ्या दिवशी त्याची बायको गोजरा चार भाकरी घेऊन खाली उतरली.

"अवं, सायेब आला कुठनं?"

"वढ्यातनं. पुलावर पाय ठेवाया तयार नव्हता."

"आन् गेला कुठनं?"

बाळोजीचा घास हातातच राहिला. "पुलावरनं. घोड्यासकट."

"मग उठा की! त्या मुडद्यांस्नी काय इचारत बसलाय?"

बाळोजी उठला. ढसाढसा रडला आणि मग त्यानं चारही भाकरी खाल्ल्या.

आजही हिंगणमाळात नुसत्या तोंडच्या ओकेला कुणी विचारत नाही. नव्या विहिरीचं पाणी आधी खोदणारा पितो, पंगतीत पहिला घास आचाऱ्याचा. परवा पाण्याची नवी टाकी तपासायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी जीपमध्ये बसूनच ओके म्हटलं. सरपंचबाईंनी हात जोडले, टाकीला शिडी लावायला सांगितली आणि म्हणाल्या, "चढा साहेब, खाली आम्ही धरलीय."