तात्यासाहेबांची तिसरी वाटी

मी मिरचीचा व्यापारी. मिसळीपायी अख्खं कोल्हापूर पालथं घातलंय. पण हौसामावशीच्या गाड्यावर जे पाहिलं, ते ऐकाच!

समोरच्या मोठ्या हॉटेलचे तात्यासाहेब बाजार समितीचे अध्यक्ष. "ए बाई, मिसळ बेचव निघाली तर उद्यापासून गाडा बंद!" असं गर्दीसमोर बजावून ते चाखायला बसले. रश्शाची एक वाटी संपली. "तिखट कच्चं आहे," म्हणत दुसरीही रिचवली. मग घाम पुसत निकाल दिला, "अगदीच बेचव!" आणि रिकामी वाटी पुन्हा पुढं केली.

मावशीनं पळी खाली ठेवली. "मग राहू द्या, साहेब. तुमच्याच हॉटेलातला रस्सा मागवते."

"नको, नको!" तात्यासाहेबांनी वाटी छातीशी धरली. "हाच वाढा की, मावशी!"

गर्दी अशी हसली, की गाडा हटवायचं पुन्हा कुणी नावच काढलं नाही.