मालेरकोटल्याच्या नवाबाचं तेवढं

“पण मग तुम्ही टकटक कामून नाही केली, बाबाजी?”

रणजोतसिंघाने ज्ञानी हजारासिंघांना विचारलं. भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांवर घोंगडी ओढून ते बसून राहिले.

गोदावरीच्या काठावरच्या या लहानशा गुरुद्वाऱ्यात रणजोतसिंघ त्यांच्याच हाताखाली वाचायला शिकला होता. शिष्याने वाचायचं, गुरूने ऐकायचं. चूक झाली की ज्ञानीजी बोटाने फरशीवर टकटक करत, आणि शिष्याने मुकाट्याने मागे जाऊन ती ओळ पुन्हा वाचायची. त्या बोटाने रणजोतला लहानपणी रडवलं होतं. आता तो चांगला दाढीमिशीचा कथाकार झाला होता, पंचक्रोशीत नाव होतं, आणि ते नाव आपलं आहे हे तो स्वतःही विसरत नसे.

पौषातले दिवस. दहाव्या गुरूंच्या दोन धाकट्या मुलांच्या, साहिबजाद्यांच्या हौतात्म्याचे. उद्या गावच्या मोठ्या मैदानावर स्मरणसभा होती, आणि कथा सांगायला रणजोतला बोलावलं होतं. आज सकाळी त्याने ती सगळी गुरूपुढे म्हणून दाखवली.

सांगितलीही अशी की झाडलोट करणाऱ्या बाया हातातले झाडू धरून तशाच उभ्या राहिल्या. आजीबरोबर थंड बुरुजात डांबलेली ती दोन लेकरं. सरहिंदच्या मुघल सुभेदाराचा दरबार. खेळणी देऊ, जहागिरी देऊ, धर्म सोडला एवढं फक्त म्हणा. दोघांची नकाराला उंचावलेली मान. आणि मग जिवंतपणीच भोवती रचलेल्या विटांवर विटा.

ज्ञानीजींचे डोळे भरून आले होते. बोट मात्र हललं नव्हतं.

“म्हणजे कुठंच चुकलं नाही ना माझं?”

“नाही.”

रणजोत खूश झाला.

“चुकीला टकटक असते, पुत्तर,” ज्ञानीजी म्हणाले. “तू चुकला नाहीस. तू गाळलंस.”

रणजोतचे कान तापले. म्हाताऱ्याच्या लक्षात येणार नाही, असं त्याला वाटलं होतं. कसं वाटलं, देव जाणे.

“मालेरकोटल्याच्या नवाबाचं म्हणता?”

ज्ञानीजींनी मान हलवली.

“सभेचे अध्यक्ष म्हणाले, तेवढं राहू द्या. लोक रडायलेत, चिडायलेत, आणि मधेच हा नवाब उठून म्हणतो की माझं वैर यांच्या बापाशी आहे, या लेकरांचा काय गुन्हा? सगळा रंग जातो, म्हणाले. आपला माणूस असता तर गोष्ट वेगळी. तो तर त्यांच्यातला.”

“व्हय. त्यांच्यातलाच.”

“लढाईत त्याचा भाऊ मारला गेला होता आपल्या हातून.”

“व्हय.”

“मग?”

“मग त्याला म्हणाले, घे सूड. आणि भर दरबारात तो नाही म्हणाला. त्या दरबारात नाही म्हणणारे किती होते रे? दोन लेकरं... आणि हा. त्यातला एक तू आज बाहेर काढलास.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अध्यक्षांचा माणूस केव्हाचा फाटकाशी उभा होता. नवाबाचं गाळतो असा होकार घेऊन ये, नाहीतर दुसरा कथाकार तयार आहे, असं सांगूनच त्याला धाडलं होतं.

रणजोतला राग आला. गुरूचा आला, अध्यक्षांचा आला, त्या हॉर्नचा तर फारच आला. इतकी वर्षं त्याने या ओसरीवर कथा सांगितली होती. पुढे बसणार तीच तोंडं. त्यातले अर्धे पेंगणार, उरलेले लंगरच्या डाळीचा वास घेत बसणार. उद्या माणसांचा समुद्र असणार होता. ही जागा त्याला हवी होती, अगदी लहान पोराला हवी असते तशी हवी होती, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

“मी काय कमी करायलो का, बाबाजी? हे सगळे दिवस जमिनीवर झोपलो. गोडाचा कण तोंडात घातला नाही.”

“पाठ धरली असेल.”

“चेष्टा करू नका.”

“नाही करत. माझीही धरली.” ज्ञानीजी हसले. “गोड कोणतं सोडलंस तेवढं सांग.”

“जिलबी, पेढे...”

“हं.”

उद्याच्या गर्दीचं गोड काही सुटलं नव्हतं. रणजोतने मान खाली घातली. मग हट्टाने वर केली.

“नवाबाबद्दल मी खोटं तर काही बोलणार नाही. वाईट बोलणार नाही. फक्त बोलणार नाही. हजारो लोक साहिबजाद्यांचं नाव घेऊन घरी जातील, ते काय वाईट आहे?”

ज्ञानीजी हळूहळू उठले. घोंगडीची घडी घातली. गुडघे कुरकुरले तसे जरा थांबले. मग स्वतःच फाटकाकडे चालू लागले.

“कुठं निघालात?”

“त्या माणसाला चहा विचारतो. थंडीत ताटकळायलाय बिचारा.”

“बाबाजी!” रणजोत अनवाणीच त्यांच्यामागे धावला आणि वाट अडवून उभा राहिला. “काय ते स्पष्ट सांगा. मी त्याला काय सांगू? ते मला कथा सोड म्हणत नाहीत, पंथ सोड म्हणत नाहीत. एक वाक्य मागतायत ते. एकच!”

ज्ञानीजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“त्या लेकरांकडनंही एकच मागितलं होतं, पुत्तर.”