डोलकाठीच्या कमरेचा दोर

फार मागं, एका खाडीच्या काठाला एक जुनी शिडाची होडी असायची. तिची डोलकाठी वाऱ्यात कलायला लागली, तसा धाकू सुतार हातोडी घेऊन आला. लाकडावर ठोकायचं आणि आवाजावरून आतलं दुखणं ओळखायचं, ही त्याची रीत.

"बाय, कुठं दुखतंय?" त्यानं विचारलं.

डोलकाठीच्या कमरेला चांगली लांब चीर गेली होती. पण नेमका तिथंच जुना दोर वेढे घालून बसलेला, त्यामुळे चीर दिसत नव्हती आणि ठोकल्याचा आवाजही दबत होता. खरं सांगितलं तर चुलीत जावं लागेल, या धास्तीनं ती फणकारली, "मला काय धाड भरलीय? हा दोरच ढिला पडलाय, म्हणून मी कलते!"

दोरानं ऐकलं. चिरेबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही.

धाकूनं वेढे सोडून त्याला वाळूत टाकलं. त्यासरशी डोलकाठी कडकन वाजली आणि चीर धाकूच्या डोळ्यांदेखत उघडी पडली.

"अगं, यानंच तर तुला धरून ठेवलं होतं," धाकू म्हणाला.

डोलकाठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कुऱ्हाडच बरी, असं तिला वाटलं. पण धाकूनं चिरेवर लाकडी पट्ट्या बसवल्या, वाळूतला तोच दोर झटकून घेतला आणि पुन्हा तिच्या कमरेला करकचून बांधला.

तिला मान वर करवेना. तेवढ्यात दोरानं हळूच विचारलं, "काठीबाय, फार आवळलं तर नाही ना?"