पाळण्यातला दोष

"दोष कुठं राहिला, आबा? तेवढं बोट ठेवून दाखवा. मग मी जातो."

रवळूने डोक्यावरचा पाळणा उतरवून दारात ठेवला होता. खांद्यावरच्या पंच्याने तो तोंड पुसत होता, पण पुसत होता तो काही घाम नव्हता.

तातोबा मेस्त्रींनी हातातला रंधा बाजूला ठेवला. आधी पाळण्याकडे पाहिले, मग रवळूकडे.

"बस."

"बसायला आलो न्हाई."

"मग उभा ऱ्हा."

...

आजऱ्याच्या बाजारपेठेमागे तातोबांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढेच, एरवी घरापुढे चार खांबांवर कौले घातलेला मांडवच तो. रवळू मिसरूड फुटायच्या आधी तिथे आला आणि लाकडावरची नक्षी शिकला. हात असा बसला, की त्याने कोरलेला पोपट पाहून लोक तोंडात बोट घालायचे. ताठाही तसाच. देवळाच्या नव्या दारावर त्याने वेल कोरली, तेव्हा महिनाभर तो देवाला कमी आणि दाराला जास्त नमस्कार करत होता, असे लोक म्हणत.

तातोबांनी मात्र त्याला कधी चांगले म्हटले नाही. वस्तू पुढे आली, की म्हातारा डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा. कुठेतरी अंगठा थांबायचा.

"हितं."

बस्स, एवढेच. देव्हारा असो, पाट असो, चौकट असो, "हितं" ठरलेले. रवळू जळफळायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचा, हा म्हातारा उद्या वर गेला ना, तर यमाच्या रेड्याच्या शिंगावर अंगठा फिरवील आणि "हितं" म्हणेल. शेवंता पदर तोंडाला लावून हसायची.

तिला दिवस गेले, तेव्हा रवळूने परड्यातले फणसाचे झाड पाडले आणि पाळणा घरीच करायला घेतला. हा म्हाताऱ्याच्या अंगठ्याखाली जाऊ द्यायचाच नाही, असे त्याने ठरवले होते. एकही खिळा वापरला नाही. चार कोपऱ्यांना चार पोपट, मधून पानांची वेल. पिवळेधमक लाकूड असे घासले, की हात ठेवला तर घसरावा.

पाळणा आढ्याला टांगला, तेव्हा गल्ली लोटली.

"दिसतोय झकास," कुणीतरी खोडी काढली. "पण हलतोय, का नुसताच बघायचा?"

आता रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे आपल्याकडे कुणालाही माहीत असते. सुतारांत तर ते फारच जपतात. नवा पाळणा आधी वरवंटा ठेवून बघायचा. वरवंटा फडक्यात गुंडाळून, लेकरासारखा आत निजवायचा आणि मगच झोका द्यायचा. तातोबा बाकीचे सगळे शिव्या देऊन शिकवायचे, पण हे एक हात जोडून सांगायचे.

रवळूने एका बोटाने पाळणा ढकलला. रिकामा.

पाळणा सरळ गेला, सरळ आला. कुठे करकर नाही, कुठे हिसका नाही.

"अरं अरं, रिकामा रं!" शेजारची म्हातारी ओरडली.

"माझ्या पाळण्याला वरवंट्याची गरज लागत न्हाई, मावशी."

सगळे हसले. शेवंता हसली नाही. पोटावर हात ठेवून ती आत निघून गेली.

मुलगी झाली. गोरीपान, मुठी घट्ट मिटलेली. बारशाला पाळण्यात घालायची, म्हणून शेवंताच्या आईने कुंच्या शिवायला घेतल्या. पण पोर बारशापर्यंत पोचलीच नाही. अंगात ताप भरला आणि उतरला तो तिला घेऊनच. नाव ठेवायचे राहून गेले. शेवंता माहेरी गेली. जाताना उंबऱ्यात थांबून तिने एकदा पाळण्याकडे पाहिले आणि ती चालू लागली.

...

"तुम्हाला दाखवला न्हाई मी," तो म्हणाला. "मुद्दाम न्हाई दाखवला. आणि रिकामा हलवला."

"कानावर आलंय."

"मग बोला की काहीतरी! शिव्या घाला!"

रवळूने कमरेची पटाश्यांची पिशवी सोडली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "ही तुमची हत्यारं. मला नकोत. फकस्त दोष दाखवा. सांधा चुकला असंल, लाकूड ओलं असंल, काय असंल ते. आणि न्हाईच सापडलं तर म्हणा, रिकामा हलवलास म्हणून गेली. मी सरळ उठून शेवंताकडं जातो, तिला सांगतो, माझ्या हातनं झालं. मग ती थुंकू दे तोंडावर. पण तिला कळंल तरी, कशानं गेली ती."

तातोबांनी पाळणा ओढून मांडीशी घेतला. डोळे मिटले. अंगठा फिरवायला सुरुवात केली.

एरवी तंबाखू मळून होईपर्यंत त्यांचा निकाल लागायचा. आज ऊन मांडवाच्या या खांबावरून त्या खांबावर गेले, तरी अंगठा फिरतच होता. मग त्यांनी खुंट्या काढल्या. पाळणा सुटा केला. एकेक दांडी, एकेक पोपट हातात घेऊन पाहिला. रवळू कधी खाली बसला, त्याचे त्यालाही कळले नाही. त्याचे डोळे म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर होते. इतकी वर्षे हा अंगठा थांबू नये, म्हणून त्याने देव पाण्यात घातले होते. आज तो कुठेतरी थांबावा म्हणून तो मनातल्या मनात रवळनाथाला हात जोडत होता.

एका पोपटाच्या मानेशी अंगठा अडखळला.

"हितं?" रवळू पुढे सरकला. "हितं ना, आबा?"

तातोबांनी मानेच्या खाचेतला भुसा नखाने काढला. फुंकर मारली. अंगठा पुढे गेला.

...

"काही न्हाई," ते म्हणाले.

"नीट बघा."

"बघितलं."

"परत एकदा बघा, आबा. पाया पडतो तुमच्या."

एकदा पाहिलेली वस्तू तातोबा जन्मात दुसऱ्यांदा पाहत नसत. त्यांनी पुन्हा पहिल्या दांडीपासून सुरुवात केली. शेवटच्या खुंटीपर्यंत गेले. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"काही न्हाई रं. मलाबी इतका साफ जमला नसता."

रवळूने हे शब्द ऐकायला अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. आता ते ऐकून तो गुडघ्यात डोके घालून हमसून हमसून रडला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिले. पाठीवरून हात फिरवला नाही, की उगी म्हटले नाही.

रडणे ओसरेपर्यंत तातोबांनी पाळणा पुन्हा जोडला आणि मांडवाच्या तुळईला टांगला.

घरातून त्यांची बायको गौराक्का बाहेर आली. तिला कुणी हाक मारली नव्हती. तुळईला पाळणा लागलेला दिसला, की वरवंटा घेऊन यायचे, हे तिच्या अंगवळणी पडलेले होते. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वरवंटा तिने पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," तातोबा म्हणाले.

त्यांनी रिकाम्या पाळण्याला बोट लावले.

रवळू उडी मारून उठला आणि त्याने त्यांचे मनगट धरले.

"नको, आबा! एकदा झालं तेवढं पुरं झालं!"

"सोड."

"न्हाई सोडत."

"रवळू... सोड."

त्याने सोडले. पाळणा सरळ गेला, सरळ आला. रवळू त्याच्याकडे बघू शकत नव्हता आणि मानही फिरवू शकत नव्हता.

"तुम्ही जन्मात कधी रिकामा हलवला न्हाई," तो पुटपुटला.

"न्हाई हलवला."

"वरवंटा ठेवल्याबिगर बोटसुदिक लावलं न्हाई."

"न्हाई लावलं." तातोबांनी घराच्या दाराकडे पाहिले. गौराक्का वरवंटा छातीशी धरून तिथेच उभी होती. "आमचा पाळणाबी वरवंटा ठेवूनच बघितला होता. ही सोताच घेऊन आली होती. दोन्ही खेपंला."

...

रवळूने गौराक्काकडे पाहिले. या घरात मूल नाही, हे तो पहिल्या दिवसापासून पाहत होता. का नाही, हे विचारायचे त्याला कधी सुचले नव्हते. त्याला आपल्या पोपटांच्या चोची तेवढ्या सुचायच्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

गौराक्का आत गेली. थोड्या वेळाने आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

पाळण्याचा झोका मंद होत आला. रवळूने तो धरायला हात पुढे केला.

"धरू नगंस," तातोबा म्हणाले. "त्याचा तो थांबंल."

दोघे उभे राहिले. पाळणा थांबला.

"मग कशानं गेली ती, आबा?"

तातोबांची नजर खाली पटाश्यांच्या पिशवीवर गेली.

"काहीतरी सांगा. मी उद्या शेवंताम्होरं जाऊन उभा राहणार. ती इचारंल, कुणाची चूक. मी काय सांगू तिला?"

म्हाताऱ्याने खाली वाकून पटाश्यांची पिशवी उचलली. वरचा भुसा झटकला. ती रवळूच्या हातात दिली, पण आपला हात मात्र तिच्यावरून काढला नाही.

"चूक असती तर लई बरं झालं असतं रं, पोरा... आपण दोघांनी हितं बसून काढून टाकली असती."