न बांधलेलं टेबल

फार मागे एका कॉलेजच्या संगणकातल्या डेटाबेसमध्ये माहितीची दोन टेबलं राहायची. म्हाताऱ्या टेबलात विद्यार्थ्यांची नावं होती, धाकट्यात त्यांचे गुण.

एके दिवशी विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या तासाला त्यांच्यावर आज्ञा चालवून बघायला बसले, तसं धाकटं विनवू लागलं. "आजोबा, मला फॉरेन कीच्या गाठीनं तुमच्याशी बांधून घ्या. मग तुम्हाला कुणी पुसू लागलं तर मला अडवता येईल. तुम्ही गेलात तर हे गुण कुणाचे म्हणून सांगू?"

"गप बस! आमच्या वेळी नव्हती असली थेरं," म्हातारं वयाच्या माजात खेकसलं.

त्याच तासाला एका मुलीनं एक नाव काढायला डिलीटची आज्ञा लिहिली, पण कोणतं नाव, ही अट घालायलाच विसरली. एंटर दाबताच नावं भराभर मिटू लागली.

"अरे, अडव ना!" म्हातारं किंचाळलं.

"कशानं, आजोबा?"

उत्तर द्यायला समोर एकही नाव उरलं नव्हतं.