परत आलेल्या पाच पुड्या

एकदा एका गावात, बरोबर दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, जेवता जेवता एका तरुणाच्या हातातला घास हातातच राहिला. अंगणातल्या दोरीवर एक तांबडी चिंधी वाळत होती. तिच्याकडे त्याचे लक्ष गेले होते.

हा तरुण त्या गावच्या वृद्ध वैद्यांचा शिष्य. सहा वर्षे त्यांच्यापाशी राहून तो नाडी, मुळ्या, काढे सगळे शिकला होता. नीतिशास्त्रही शिकला होता, कारण ज्याच्या हातात औषध त्याच्या डोक्यात आधी नीती हवी, असे गुरुजी म्हणत. वादात त्याच्यापुढे कुणी टिकत नसे. मागच्याच बाजाराच्या दिवशी एका व्यापाऱ्याने त्याला मुद्दाम डिवचले होते. "काय हो धाकटे वैद्य, बोलून नुकसानच होणार असेल, तरी खरं बोलायचंच का?" तेव्हा शिष्य म्हणाला होता, "सत्य माणसाच्या हितासाठी असतं. माणूस सत्याच्या हट्टासाठी नसतो." व्यापाऱ्याने हात जोडले, ओसरीवरच्या लोकांनी माना डोलावल्या. गुरुजी तेवढे सुपारी कातरत बसले होते.

आता त्या चिंधीचे सांगते. वैद्यांच्या कपाटात दोन बरण्या शेजारी शेजारी असत. एकीत लेकरांच्या तापावरची मुळी, दुसरीत बचनाग. बचनाग म्हणजे जहर. गुरुजी स्वतः तो शुद्ध करीत, मगच वापरीत. उजेड कमी असला की दोन्हीतल्या वाळक्या मुळ्या सारख्याच दिसत. म्हणून जहराच्या बरणीच्या गळ्याला तांबडी चिंधी बांधलेली असे. आदल्या दिवशी ती मळलेली पाहून शिष्याने सोडली, धुतली, वाळत घातली आणि परत बांधायची विसरला. सकाळी आभाळ भरलेले होते. हाताला आली ती बरणी त्याने घेतली, मुळ्या खलात कुटल्या आणि पाच पुड्या बांधल्या. पाच घरच्या आया आपापल्या तापाच्या लेकरांसाठी त्या घेऊन गेल्या. हा ताप संध्याकाळी चढतो, म्हणून त्याने प्रत्येकीला बजावले होते, "दिवेलागणीला मधातून चाटवा."

घास ताटात टाकून तो कपाटाकडे धावला. दोन्ही बरण्या उघड्या गळ्याने उभ्या होत्या. सकाळी घेतलेल्या बरणीतली एक मुळी त्याने मोडून पाहिली. ती बचनागाची होती.

गुरुजी पलीकडच्या गावी एका बाळंतिणीला बघायला गेले होते, चारपर्यंत यायचे होते. शिष्याने स्वतःला सावरले. दिवेलागणीला अजून खूप वेळ आहे, त्याने मनाशी म्हटले. पाचच घरे. पाचही मला माहीत आहेत. बोभाटा कशाला? त्याने खऱ्या मुळीच्या पाच नव्या पुड्या बांधल्या आणि बाहेर पडला.

"वहिनी, सकाळची पुडी परत द्या बरं. गुरुजींनी जास्त गुणाची करून दिलीय."

"अगं बाई! एवढ्या उन्हात त्यासाठी आलात? देवमाणूस हो तुम्ही! बसा, चहा टाकते."

नको म्हणावे तर घाई दिसेल, घाई दिसली तर संशय येईल. म्हणून तो बसला. दुसऱ्या घरीही बसला. तिसऱ्या घरी म्हातारीने गुडघे दाखवले, तेही त्याने हसून पाहिले. तिथली पुडी परत घेताना ती हाताला जराशी हलकी लागली. पाचव्या घरची तर उघडून पुन्हा दुमडल्यासारखी होती. विचारावे असे त्याच्या ओठांवर आले. पण विचारले असते तर कारण सांगावे लागले असते. त्याने पुडी खिशात टाकली.

चार वाजता गुरुजी आले. त्यांनी वहाणा काढल्या, पायांवर पाणी घेतले. शिष्याने पाचही पुड्या त्यांच्यासमोर जमिनीवर मांडल्या आणि झाले ते सांगितले. शेवटी म्हणाला, "पाचही परत आल्या, गुरुजी. एकाही लेकराच्या तोंडात कण गेला नाही."

त्याला वाटले, आता आधी बोल लावतील आणि मग, निदान थोडे तरी, शाबास म्हणतील.

गुरुजींनी ओल्या पायांत पुन्हा वहाणा चढवल्या. "कोतवालाला हाक मार. हलगी घेऊन ये म्हणावं."

"हलगी? कशाला?"

"दवंडी द्यायची आहे."

शिष्य त्यांच्या आडवा उभा राहिला. "गुरुजी, पुड्या तर परत आल्या! आता सांगून कुणाचं भलं होणार? लोक घाबरतील. उद्यापासून औषधाला येणार नाहीत, अंगारे-धुपारे करत बसतील, त्यात लेकरं दगावतील. कुठल्या बाजूनं जास्त नुकसान, तुम्हीच तोलून बघा."

"तू तोललंस ते ऐकलं," गुरुजी म्हणाले. "बाजूला हो."

आणि थोड्या वेळात गावात हलगी कडाडली. कोतवालाचा गळा खणखणीत. "ऐका हो ऐका! वैद्याच्या घरून आज सकाळी गेलेली तापाची पुडी जहरी हाय! चूक वैद्याची हाय! कुणाकडं अर्धी असंल, चिमूटभर असंल, लेकराला देऊ नगा हो!"

हलगीमागे गुरुजी चालत होते, त्यांच्यामागे मान खाली घालून शिष्य. दारादारांत बाया गोळा झाल्या.

"आत्ता गं बया! मघाशी देवमाणूस म्हणून चहा पाजला की मी ह्याला!"

"सहा वर्षं शिकून जहर वाटायला शिकला व्हय रं?"

"आन् म्हणं जास्त गुणाची पुडी! थोबाड बघा कसं करतोय!"

शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते. इतक्यात वीटभट्टीच्या बाजूने एक बाई धावत आली. तिचे नाव गोजरा. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती आणि पदराच्या टोकाला गाठ. धापा टाकत तिने ती गाठ दातांनी सोडली. आत कागदाच्या चिटोऱ्यात चिमूटभर भुकटी होती.

"शेजारणीनं दिली हो वैद्यबाबा! म्हणली, माझ्या पोराला एवढी कशाला, अर्धी तुझ्या पोरीला घे. मध उसना आणायला निघाले होते."

शेजारीण म्हणजे ते तिसरे घर, जिथली पुडी हलकी लागली होती.

गुरुजींनी चिटोरा घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कोतवालाला म्हणाले, "थांबू नको. आता वरच्या पाड्यावर चल."

पाड्याच्या चढावर शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काही कळलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षं या गावात पुड्या देतोय. एका आईनं पुडी एकटीनं संपवली असं मी कधी पाहिलं नाही. शेजारणीचं पोर कण्हताना ऐकून कुणाला राहवतं? ती वाटतेच. तू ज्या दारी दिलीस त्या दारी परत गेलास. पण पुडी तोवर पुढं चालत गेलेली असते."

तेव्हा शिष्याने हलक्या लागलेल्या आणि उघडून दुमडलेल्या पुडीचे सगळे सांगितले. हाताला कळले होते, तरी विचारले नाही, हेही सांगितले. गुरुजींनी पावले भराभर उचलली. मागे न बघता ते म्हणाले, "लवकर चल."

पाड्यावर हलगी वाजवावी लागली नाही. रडण्याचा आवाज लांबूनच येत होता.

पाचव्या घरच्या आईची नणंद सगुणा पाड्यावर राहत असे, तिचे लेकरू गेले होते. आठ महिन्यांचे. सकाळी अकरा वाजता ती भावाकडे आली होती, भावजयीने तिला अर्धी पुडी बांधून दिली होती. सगुणा रडत नव्हती. बाकीच्या बाया रडत होत्या. ती मांडीवरच्या लेकराचे टोपडे सारखे करत होती, पुन्हा पुन्हा.

शिष्य तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "माय, पुडी मी बांधली होती."

तिने वर पाहिले. "चुकीची हाय, हे तुला कवा कळलं?"

"दुपारी बारा-वीसला."

"कापसाच्या जिनिंग मिलचा साडेतीनचा भोंगा झाला, तवा मी चाटवली," सगुणा म्हणाली. "लई किरकिरत होता. म्हटलं, दिवेलागणीपर्यंत कुठं थांबू." मग तिने परत टोपडे सारखे केले. "तीन घंटं होते की रं तुझ्यापाशी. तीन घंटं."

साडेतीनला तो तिच्याच भावजयीकडे बसून चहा पीत होता.

पुढे तालुक्याहून अंमलदार आले, जबाब झाले. शिष्याने एक शब्द लपवला नाही. ज्याच्या घरी औषध, त्याची जबाबदारी, असे म्हणून गुरुजींनी पहिली सही आपली केली. अंमलदार गेल्यावर शिष्याने आपले गाठोडे बांधले.

"कुठं निघालास?"

"जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं. इथं तोंड कसं दाखवू?"

गुरुजी म्हणाले, "बस इथं. बरण्या चुकल्या, ती तुझ्या हाताची चूक. ती माझ्याही हातून होऊ शकते, म्हणून तर चिंधी बांधतो. पण त्यानंतरचे तीन तास तू चुकला नाहीस, तू विचार करत होतास. तुझा सगळा हिशेब बरोबर होता, पोरा. फक्त त्यात तुला भेटलेलीच माणसं होती. जी भेटली नाहीत, दिसली नाहीत, त्यांना तू त्यात धरलंच नाहीस. नीती मुळात त्यांच्यासाठीच लागते रे. जे समोर असतात ते ओरडून आपलं आपण मागतात. खरं सांगायचं की नाही हे तू ठरवत बसलास, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न होता त्याला कळलंच नाही की असं काही ठरवलं जातंय." मग गाठोडे बाजूला सारून ते म्हणाले, "जिथं तुला कुणी ओळखत नाही तिथं तू पुन्हा देवमाणूस होशील. म्हणून म्हणतो, इथंच राहा."

तो राहिला. ओसरी ओस पडली. दिवसामागून दिवस दोघे समोरासमोर बसत, आणि रस्त्याने जाणाऱ्या बाया लेकरांना पदराआड घेऊन पलीकडून जात. सगुणा कधीच आली नाही. तिने यावे असे त्याला वाटतही नसे.

दीड महिन्यानंतर गोजरा आली. मुलगी पुन्हा तापाने फणफणली होती.

"तुला भीती नाही वाटली?" शिष्याने न राहवून विचारले.

"वाटती की. रातभर डोळ्याला डोळा न्हाई." तिने मुलीला मांडीवर घेतले. "पण तुमच्याकडं चुकलं तर हलगी वाजती. बाकीच्यांकडं चुकत असंल तवा काय वाजतंय, मला कुठं ठावं?"

शिष्य उठला. बरणी त्याने दारात, उजेडात आणली, मुळी मोडून पाहिली, गुरुजींना दाखवली. पुडी बांधून तिच्या हातात देताना तो म्हणाला, "ताई, कुणाला यातली अर्धी दिलीत तर द्या. पण मला नाव सांगून ठेवा."

गोजराने मान हलवली आणि नाव सांगितले. शेजारणीचेच होते.

गुरुजी आता नाहीत. त्या ओसरीवर शिष्यच बसतो. पुडी कुणासाठी नेतेस असे तो औषधाला आलेल्या प्रत्येक आईला विचारतो आणि मग थांबून आणखी एकदा विचारतो, "अजून कुणासाठी?"

आपल्या हातून कुणाकडे काही चुकीचे गेले असेल, औषध असो, अन्न असो की एखादा शब्द, तर कळेल त्याच घटकेला सांगावे, तोंड काळे झाले तरी. आणि ही गोष्ट तुमच्यापाशी ठेवू नका. ज्या घरात लहान लेकरू आहे, त्या घरी आधी जाऊन सांगा.