नसलेल्या गावाचा फोन

एकदा एका सरकारी कचेरीत एक वृद्ध अधिकारी होते. लोकांचे अर्ज घेणारी संगणकप्रणाली तयार करायची आणि ती सांभाळायची, हे त्यांचे काम. पदनाम होते 'वरिष्ठ संगणक प्रणाली विकासक'. ते पूर्ण उच्चारेपर्यंत समोरचा चहा निवत असे, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. डोक्याने तल्लख, कामाला वाघ, आणि आपले काही चुकत नाही याचा थोडा ताठाही. गुरुजी महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेची जाहिरात निघाली होती. पदवी, अनुभव, अमुक प्रणालींचे ज्ञान, कनिष्ठांना मार्गदर्शन करण्याची क्षमता. शिष्याने सगळ्या अटी वाचल्या आणि मनातल्या मनात त्या खुर्चीत बसूनही घेतले.

गुरुजींची एकच गोष्ट त्याला पटत नसे. प्रणालीने एखादा अर्ज नाकारला की पडद्यावर कारणाची ओळ उमटे, आणि त्या ओळीखाली गुरुजींनी आपल्या टेबलावरच्या फोनचा नंबर घातलेला असे. मग तो फोन दिवसभर कोकलत राही. गुरुजी हातातले काम टाकून तो उचलत, सगळे ऐकून घेत, आणि बहुतेक वेळा शेवटी म्हणत, "नाही हो, माझ्या हातात नाही ते." ज्याचे काम आपल्याकडून होणार नाही त्याचा फोन घ्यायचाच कशाला?

"लोकांना उगाच आशा लावण्यात काय अर्थ आहे, गुरुजी?" त्याने एकदा विचारलेच.

"आशा लावतो असं तुला वाटतं?" एवढे बोलून गुरुजींनी वाजणारा फोन उचलला.

शेवटी शिष्याने वर टिपण पाठवले. ज्येष्ठ अधिकाऱ्याचा मौल्यवान वेळ वगैरे वगैरे. सरकारात एरवी गोगलगायीने चालणारे कागद त्या दिवशी धावले. मंजुरी आली आणि नंबर गेला. थोड्याच दिवसांत फोन गप्प झाला. तक्रारी थांबल्या म्हणून साहेबांनी भर बैठकीत शिष्याची पाठ थोपटली. गुरुजी रागावले नाहीत. फक्त मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावत, फोन चालू आहे ना ते बघत आणि परत ठेवत. म्हातारपण असे असते, या विचाराने शिष्याला त्यांची कीव आली.

मग एका दुपारी तो फोन वाजला. कॉलेजच्या मुलींसाठी असलेल्या सरकारी वसतिगृहाचे अर्ज त्याच संध्याकाळी बंद होणार होते.

"तू उचल," गुरुजी म्हणाले. "आणि पलीकडच्यानं ठेवल्याशिवाय ठेवू नकोस."

"सायेब, मी सुभद्रा ढेबे बोलतीय, नव्या पाणदरीतनं," पलीकडून एक बाई म्हणाली. "तुमचा नंबर पोरीनं मागल्या बारीला भितीवर लिवून ठेवला हुता. तिचा हास्टेलचा अर्ज भरतुया, तर मशीन म्हनतंय, हे गाव अस्तित्वात नाही."

ती ओळ शिष्याने स्वतः लिहिली होती. लिहिली तेव्हा आटोपशीर म्हणून ती त्याला आवडलीही होती.

"गावाचं नाव नीट टाकलंय का, बाई?"

"पोर बारावी झालीया, सायेब. जुनी पाणदरी धरणात गेली, तवा सरकारनं आमाला हितं आणून बसिवलं. आन् मी गावातनंच बोलतीय की! गाव न्हाई म्हंजे काय?"

शिष्याने प्रणालीतली गावांची यादी उघडली. जुनी पाणदरी बुडीत म्हणून वगळलेली होती आणि नवी पाणदरी यादीत अजून चढलीच नव्हती. "घरीच थांबा, मी करतो फोन," तो म्हणाला, तिचा नंबर टिपून घेतला, आणि बाईने ठेवल्यावर कामाला लागला. महसूलवाले म्हणाले, प्रस्ताव पुनर्वसनाकडे आहे. पुनर्वसनवाले म्हणाले, महसुलाकडे. मुदत वाढवायला लेखी आदेश हवा आणि तो देणारे साहेब दौऱ्यावर. शेजारच्या गावाचे नाव टाकावे, तर ते रहिवासी दाखल्याशी जुळणार नाही आणि खोट्या माहितीचा ठपका मुलीवर बसणार. तो घामाघूम झाला.

"गुरुजी, तुम्ही तरी काही करा."

"तू आत्ता जिथे जिथे फोन केलास, तिथे मी वर्षानुवर्षं करतोय."

संध्याकाळी ठरल्या वेळी प्रणालीने दार लावून घेतले. ते आपोआप लागण्याची सोय शिष्यानेच केली होती, आणि ती बिनचूक चालली.

"आता तिला सांग," गुरुजी म्हणाले.

"मोबाइलवर संदेश जाईलच की."

"तू सांग."

त्याने फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. कसेबसे त्याने सांगितले.

"बरं," सुभद्राबाई म्हणाली. "सांगितलंसा त्ये बरं केलं. न्हाईतर पोर तशीच मोबाइल धरून बसली असती."

शिष्याने मान खाली घातली. त्याला रडू आवरेना. गुरुजींनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तो नंबर लोकांच्या सोयीसाठी आहे असं तुला वाटत होतं," ते हळूच म्हणाले. "सोय माझ्याच्यानं फार थोड्यांची झाली. पण बाळ, माणूस स्वतःच्या तोंडानं नाही म्हणतो तेव्हा त्याची जीभ जड होते. घरी गेल्यावर घास घशाखाली उतरत नाही. म्हणून तो सकाळी येऊन पुन्हा एक पत्र लिहितो. यंत्राला घासही नसतो आणि घसाही नसतो. नाही म्हणायचं काम आपण त्याच्यावर सोपवलं आणि सुखानं जेवायला लागलो. त्या खुर्चीसाठी जे यायला हवं ते तुला सगळं येतं. त्या खुर्चीत बसून करायचं काय, ते आज तू केलंस."

"आणि पत्र लिहून काही होतं?"

"अजून तरी झालेलं नाही," गुरुजी म्हणाले.

महिनाअखेर गुरुजी गेले आणि यथावकाश ती खुर्ची शिष्याला मिळाली. पहिल्याच दिवशी त्याने ओळ बदलली: 'आपले गाव आमच्या यादीत अद्याप घेतलेले नाही. ही चूक आमची आहे.' दुसरे वाक्य वरिष्ठांनी कापले. खालचा फोन नंबर मात्र त्याने भांडून ठेवला, आणि फोन पुन्हा कोकलू लागला.

पुढच्या वर्षी, वसतिगृहाच्या अर्जांच्या दिवसांत, एक ओळखीचा आवाज आला.

"सायेब, सुभद्रा ढेबे. आलं का वो आमचं गाव?"

यादी उघडून बघण्याची गरज नव्हती. ती तो रोज बघत असे.

"नाही आलं, सुभद्राबाई."

"बरं. थोरलीचं लगीन लावून दिलं औंदा. धाकटीसाठी इचारत हुती."

त्याने फोन ठेवला नाही. सुभद्राबाईनेही बराच वेळ ठेवला नाही.

त्या रात्री तो ताटावरून तसाच उठला. सकाळी कचेरीत येऊन बसला आणि महसूल खात्याला आणखी एक पत्र लिहू लागला.